पात्र कोण, येणे कोणाचे? : 'डिझर्व्ह' या क्रियापदाच्या निमित्ताने

इंग्रजी 'डिझर्व्ह' या क्रियापदाला मराठीत एकशब्दी क्रियापद नाही. 'लायक असणे', 'पात्र असणे', 'योग्य असणे' अशी विशेषण आणि 'असणे' यांची जोडी लावून आपण काम भागवतो. हल्लीची तरुण मुले तेवढाही खटाटोप करत नाहीत. 'तू हे डिझर्व्ह करतोस' असे ती सरळ म्हणतात, आणि समोरच्याला ते वाक्य लगेच कळते. भाषाशुद्धीचा आग्रह धरणारे अशा वाक्यावर नाक मुरडतात. मला ती उसनवारी खटकत नाही. शेजारच्या घरून वाटी मागून आणली की आपल्या फडताळात काय नाही ते कळते, तसेच हे आहे. फडताळात नेमके काय नाही, आणि जे आहे ते आपण नीट पाहिले आहे का, एवढाच या लेखाचा विषय.

इंग्रजी-मराठी कोशांची मोठी परंपरा १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या कोशापासून मोजतात. त्यातले थॉमस कँडी पुण्यातच राहून मराठीचे काम करत होते. तेव्हापासून आजवरच्या कोशकारांपुढची अडचण एकच आहे. समोर क्रियापद आहे, आणि हाताशी मात्र बहुतेक विशेषणे आहेत. ही अडचण व्याकरणाची वाटते, पण ती तेवढीच नाही. विशेषण माणसाला चिकटते, क्रियापद कृतीला. 'तो पात्र आहे' म्हणताना आपण त्या माणसाकडे पाहतो. 'डिझर्व्ह' म्हणणाऱ्या माणसाची नजर, निदान त्या शब्दाच्या जन्मवेळी, माणसाने केलेल्या कामाकडे होती.

गुलामापासून हक्कदारापर्यंत

लॅटिनमध्ये 'सेर्वुस' म्हणजे गुलाम. त्यावरून 'सेर्विरे', म्हणजे गुलामी करणे, चाकरी करणे. त्याला 'दे' हा पूर्णत्व दाखवणारा उपसर्ग लागून 'देसेर्विरे' झाले. अर्थ, मनापासून, पुरेपूर चाकरी करणे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ सरकला. ज्याने पुरेपूर चाकरी केली त्याला काहीतरी मिळणे भाग आहे, म्हणून चाकरी करणे याचा अर्थ चाकरीमुळे हक्कदार होणे असा झाला. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला आणि तिथे कायमचा राहिला. फ्रेंचमध्ये मात्र तो जुना अर्थ मागे पडला. आजच्या फ्रेंचमध्ये 'देसेर्वीर' म्हणजे जेवणानंतर टेबल आवरणे, किंवा एखाद्याचे नुकसान करणे. इथला उपसर्ग वेगळा, उलट अर्थाचा. टेबल आवरल्यावर जे गोड येते ते 'डेझर्ट', आणि केल्या कर्माचे जे फळ मिळते तेही इंग्रजीत उच्चाराने जवळपास 'डेझर्ट'च. दोन्हींच्या मुळाशी वाढपी चाकर आहे.

'मेरिट' या शब्दाची कुळकथाही अशीच आहे. लॅटिन 'मेरेरे' म्हणजे कमावणे. सैनिक पगार कमावतो, तेव्हा हे क्रियापद वापरत. विद्यापीठे आज ज्येष्ठ प्राध्यापकांना 'एमेरिटस' म्हणून गौरवतात. तो शब्द मुळात पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्या रोमन सैनिकाचा. आणखी मागे गेले तर या कुळाचा संबंध 'वाटा' या अर्थाच्या ग्रीक 'मेरोस'शी जोडला जातो. म्हणजे 'मेरिट' हा जन्मजात बुद्धीचा गुणधर्म नव्हता. ती होती कामातून कमावलेली वाटणी. आपल्याकडे मेरिटच्या नावाने जे वाद झडतात त्यांत हा अर्थ कोणाच्याच बोलण्यात येत नाही.

आपले तीन शब्द

आता आपल्या फडताळाकडे वळू.

'पात्र' हा शब्द 'पा' म्हणजे पिणे या धातूपासून आला आहे. ज्यातून प्यायचे ते भांडे म्हणजे पात्र. नदीचे पात्र, पूजेचे पात्र, नाटकातले पात्र, सगळीकडे काहीतरी धारण करणारी वस्तू ही कल्पना आहे. धर्मशास्त्रात दानाचा विचार आला की दान घेणारा हे भांडे होते. गीतेत सात्त्विक दानाची ओळख सांगतानाही देश आणि काळ यांच्याबरोबर पात्र येते. 'पतनापासून तारतो तो पात्र' अशी एक शब्दकोटीही परंपरेने करून ठेवली आहे. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही, की पात्रता भांड्याची तपासायची असते. भांडे स्वच्छ आहे का, कोणत्या धातूचे आहे, कोणाच्या हातचे आहे. भांड्याने काल काय काम केले हा प्रश्न त्यात येत नाही. आणि तपासणारा नेहमी देणारा असतो. 'सत्पात्री दान' हा शब्दप्रयोगही देणाऱ्याच्या पुण्याची काळजी वाहणारा आहे.

'योग्य' हा शब्द 'युज्' म्हणजे जोडणे, जुंपणे या धातूवरून आला. संस्कृतात 'योग्य' याचा एक जुना अर्थ जुंपण्याजोगे जनावर असाही होता. म्हणजे ज्याच्या मानेवर जू बसते तो योग्य. रोमन गुलाम आणि आपला बैल इथे अगदी जवळ येतात. फरक असा, की जू ओढल्याबद्दल बैलाचे काही देणे झाले, अशा अर्थाकडे हा शब्द सरकला नाही. तो जू बसण्यापाशीच थांबला.

'लायक' फारसीच्या वाटेने आलेला अरबी शब्द. साजणे, शोभणे हा त्याचा मूळ भाव. हिंदी-उर्दूत 'लायक' मुलाचे अजूनही कौतुक होते. मराठीत त्याचे दिवस वाईट आले. 'नालायक' ही शिवी झाली, आणि 'लायकी' हा शब्द बहुतेक वेळा 'तुझी लायकी काय?' या प्रश्नातच ऐकू येतो. हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असते. समोरच्याला गप्प करायचे असते. त्याचा जोडीदार 'औकात' हा अरबीत 'वक्त'चे, म्हणजे वेळेचे अनेकवचन. 'औकात' काढणारा खरे तर समोरच्याची वेळ काढत असतो, हे त्याच्या गावीही नसते.

तिन्ही शब्द 'तू कोण आहेस?' असे विचारतात. 'तू काय केलेस?' हा प्रश्न त्यांपैकी एकाच्याही मुळाशी नाही.

हरवलेले क्रियापद

संस्कृतात मात्र या अर्थाचे अस्सल क्रियापद होते. 'अर्ह्' हा धातू, 'अर्हति' हे त्याचे रूप. मोलाचा असणे, मिळण्याजोगा असणे असा त्याचा अर्थ. ग्रीकमध्ये मोल मिळवून देणे या अर्थाचे 'आल्फानो' हे क्रियापद त्याचे दूरचे नातेवाईक. मराठीत 'अर्हति'चा थेट वंश उरला नाही. त्याच्या कुळातला 'अर्घ', म्हणजे किंमत, मात्र बाजारात टिकला. 'महार्घ'चे प्राकृतात 'महग्घ' झाले आणि मराठीत 'महाग'. 'समर्घ'पासून 'सवंग' आला. मराठी माणूस मंडईत रोज 'महाग' म्हणतो, तेव्हा त्या जुन्या कुळाचा अखेरचा अंश तो जिवंत ठेवत असतो. पण आता तो माल मोजतो, माणूस नाही.

माणसाकडे हा शब्द राहिला तो श्रमण परंपरेत. पालीतला 'अरहंत', संस्कृतातला 'अर्हत', जैनांचा 'अरिहंत', सगळे याच धातूचे. विश्रांतवाडीच्या परिसरातल्या बुद्धविहारांत वंदनेच्या वेळी 'अरहतो' हे रूप कानावर पडते, तेव्हा तो जुना धातूच आपण ऐकत असतो. अर्हत म्हणजे दानाला, आदराला पात्र असा माणूस. इथवर तो पात्रासारखाच. पण बुद्धाने त्याची कसोटी बदलली. वासेट्ठ सुत्त आणि वसल सुत्त यांचा रोख असा, की माणूस जन्माने ब्राह्मण किंवा चांडाळ ठरत नाही, कर्माने ठरतो. देणाऱ्याने भांड्याचे कूळ तपासण्याऐवजी त्याची वागणूक पाहावी, असा हा बदल आहे.

पुढे वारकरी संतांनी 'अधिकार' या शब्दाबाबत जे केले तेही याच जातीचे. वेदान्तात 'अधिकारी' म्हणजे अभ्यासाची पात्रता अंगी असलेला. संतांनी नामाचा अधिकार सगळ्यांना खुला केला. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीमार्गे पुण्यात शिरते, तेव्हा चालणाऱ्याला कोणी पात्रता विचारत नाही.

आणि आज 'अर्ह्' धातू कुठे आहे? सरकारी जाहिरातीतल्या 'शैक्षणिक अर्हता' या रकान्यात. भाषाशास्त्रातली अशी कोणतीही अर्हता माझ्याकडे नाही. कोश चाळत चाळतच मी जे काय शिकलो ते शिकलो. म्हणून असेल, पण ज्या शब्दाने एकेकाळी जन्माची अट मोडली तो प्रमाणपत्राच्या अटीसाठी वापरलेला पाहून मला गंमत वाटते आणि थोडे वाईटही.

चाकरीचा हिशेब

'डिझर्व्ह'मधला मूळ अर्थ, म्हणजे केलेल्या चाकरीतून उभा राहिलेला हक्क, मराठी मुलखात कोणी मांडला का? मांडला, आणि तोही लेखी. तो मांडणाऱ्यांत पुण्याचा मोठा वाटा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईच्या स्मारकस्तंभावर 'नाक' हा प्रत्यय असलेली त्यांची नावे आजही वाचता येतात. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जातीं'चा सिद्धान्त पुढे आला आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. ज्या इंग्रजांच्या भाषेत चाकरीतून हक्क निर्माण करणारे क्रियापद होते, त्यांनीच ही चाकरी विसरायचे ठरवले.

लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून विनंतीपत्र तयार केले. त्यात दोन युक्तिवाद शेजारी शेजारी उभे आहेत. एक, आम्ही मुळात क्षत्रिय. दुसरा, आम्ही इमानाने चाकरी केली. पहिला युक्तिवाद पात्राचा आहे, भांड्याचे कूळ सांगणारा. दुसरा शब्दशः 'देसेर्विरे'चा आहे. वलंगकरांना पहिल्याची गरज का भासली हे समजणे अवघड नाही. ज्या समाजात भांडेच तपासले जाते, तिथे भांड्याबद्दल काहीतरी बोलावेच लागते.

पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली, १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. लष्करात, पोलिसांत आणि सरकारी नोकऱ्यांच्या खालच्या जागांवर आम्हाला घ्या, अशी मागणी होती. तोवर युक्तिवादाचा तोल बदलला होता. कुळाऐवजी भर आता पूर्वजांच्या सेवेवर आणि ब्रिटिश प्रजा म्हणून मिळायच्या समान वागणुकीवर होता.

या अर्जांचा भाव पकडायला 'पात्र' हा शब्द उपयोगाचा नाही. 'आम्ही पात्र आहोत' म्हटले की 'ते आम्ही ठरवू' असे उत्तर ठरलेले असते. त्यांच्या म्हणण्याला नेमका बसणारा शब्द मराठीत आहे, फक्त तो कोशकारांनी दुकानाच्या वहीत पडू दिला. तो शब्द म्हणजे 'येणे'. 'माझे त्याच्याकडे शंभर रुपये येणे आहे' असे आपण म्हणतो. दुसऱ्या बाजूने 'तो माझे शंभर रुपये देणे लागतो'. येणे मागणारा आपली लायकी सांगत बसत नाही. तो वही उघडतो. कांबळे आणि वलंगकर यांनी साम्राज्यापुढे वहीच उघडली होती. सरकार आमचे देणे लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

मराठीने श्रमाच्या बाजूने आणखी एक शब्दप्रयोग घडवला आहे. 'कष्टाचे चीज झाले.' फारसी 'चीज' म्हणजे वस्तू. इथे मोल माणसाचे नाही, कष्टाचे होते. पण हा प्रयोग फळ मिळाल्यावरचा आहे. मिळण्याआधी मागणी म्हणून तो वापरता येत नाही. 'येणे' येतो.

येण्याची मर्यादा

येण्याचा युक्तिवाद भक्कम आहे, पण पुरा नाही. त्याची पहिली अडचण, वही मालकाच्या हाती असते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी केली गेली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. देणेकऱ्याला गरज पडली की हिशेब निघतो, गरज सरली की वही बंद होते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. चाकरीतून हक्क निर्माण होतो असे मानले, की हक्कासाठी चाकरी करत राहावी लागते. महार वतन हे याचे आपल्याच गावगाड्यातले उदाहरण. गावाची पडेल ती कामे करायची, बदल्यात वतनाची जमीन आणि बलुते. सेवेला मोबदला जोडलेला होता, म्हणजे शब्दशः 'डिझर्व्ह'ची रचना. पण सेवा जन्माने ठरलेली होती आणि सोडण्याची मुभा नव्हती. १८७४च्या वंशपरंपरागत कामगिरीच्या कायद्याने ती चौकट पक्की केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये तो कायदा सुधारण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ही वतने प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा १९५८चा. 'सेर्वुस'पासून निघालेला शब्द हक्कापर्यंत पोहोचला खरा, पण साखळीसकट.

त्याच १९२८ साली, २३ ऑक्टोबर रोजी, पुण्यात सायमन आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. बहिष्कृत हितकारिणी सभेने आयोगाकडे प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. तोवर मत कोणाला, हे सारा किती भरतो, कर किती देतो यावर ठरत असे. म्हणजे मताधिकार हा पात्रतेचा प्रश्न होता. प्रौढ मताधिकार म्हणतो, की माणूस वयात आला एवढे पुरे. त्याने काय केले हेही विचारू नका, तो कोण हेही विचारू नका. ही मागणी पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२६मध्ये आली. लष्करी सेवेच्या अर्जांपासून या मागणीपर्यंतचा प्रवास मला 'येणे' या शब्दाकडून 'हक्क' या शब्दाकडे झालेला दिसतो. येणे कमवावे लागते. हक्क कमवावा लागत नाही. 'डिझर्व्ह' या शब्दाच्या बरोबर पलीकडे 'हक्क' सुरू होतो.

आजची यादी

हा सगळा खल शब्दांचा छंद म्हणून मी केलेला नाही. पुण्याच्या झोपडपट्टी पुनर्वसनात 'परिशिष्ट-२' नावाची यादी असते. प्रत्येक कुटुंबापुढे 'पात्र' किंवा 'अपात्र' लिहिलेले असते, आणि १ जानेवारी २००० ही तारीख त्यात कळीची असते. २०२४च्या लाडकी बहीण योजनेनंतर हे दोन शब्द घरोघर पोहोचले. झेरॉक्सच्या दुकानात 'मी अपात्र निघाले' असे बाई सांगते, तेव्हा ती एका शासकीय निकषाबद्दल बोलत असते. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र भांड्याची जुनी तपासणी वाजते. कागद नसणे ही त्या माणसातली उणीव ठरते. तीस वर्षे घरकामे, बांधकामे, कचरा उचलणे यांतून त्या कुटुंबाने या शहराकडे काय येणे जमवले आहे, हा रकाना यादीत नाही. निकष नकोत असे मी म्हणत नाही. जिथे देणे मर्यादित आहे तिथे ते लागणारच. पण 'निकषात बसत नाही' आणि 'अपात्र' यांत फरक आहे. पहिल्यात उणीव निकषाची असू शकते. दुसऱ्यात ती माणसाचीच असते.

इंग्रजीतही 'डिझर्व्ह' आपली चाकरी विसरला आहे. जाहिराती सांगतात की सुट्टी, गाडी, फेशियल हे सगळे तुम्ही डिझर्व्ह करता. कशाबद्दल, ते विचारायचे नाही. मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये गुणवत्तेच्या राज्यावर उपहास म्हणून पुस्तक लिहिले. त्यांनी त्यासाठी वापरलेला 'मेरिटॉक्रसी' हा शब्द लोकांनी आदर्श म्हणून उचलला. आपली तरुण मुले 'डिझर्व्ह करतोस' म्हणतात तेव्हा त्यात कधी जाहिरातीचा सूर असतो, कधी मनापासूनचा. रात्रपाळी करून परीक्षा पास झालेल्या मित्राला मुलगा तसे म्हणतो, तेव्हा तो नकळत त्या शब्दाच्या मूळ अर्थाला धरून असतो. 'तू पात्र आहेस' हे वाक्य मित्राला म्हणायला त्याची जीभ वळत नाही. मित्र मित्राची पात्रता तपासत नसतो, हे त्याला न शिकवता कळलेले असते.

म्हणून पुढच्या एखाद्या कोशकाराने 'डिझर्व्ह'समोर एकच विशेषण ठेवू नये. माझी नोंद अशी असेल. एक, केलेल्या कामाचे येणे असणे. उदाहरणार्थ, सफाई कामगारांचे शहराकडे येणे आहे. दोन, कष्टाचे चीज व्हावे असे असणे. तीन, देणाऱ्याच्या निकषात बसणे, पात्र असणे. आणि खाली एक सूचना. जे प्रत्येक माणसाला केवळ माणूस म्हणून मिळायचे आहे त्यासाठी हे क्रियापद वापरू नये. तिथे 'हक्क' हा शब्द पाहावा.